कारवटवाडीचे दिवे

बसा. उंब्रजला एकदा वीज गेली की तासभर तरी येत नाही. दिवा मात्र तुमच्या बाजूला ठेवा, माझ्या बाजूला नको. का ते बोलता बोलता कळेलच.

नकाशे न्यायला एवढ्या लांबून आलात, तर सगळेच घेऊन जा. गुंडाळ्या बांधून ठेवल्यात. मला आता त्यांचा उपयोग नाही. कॉलेजात मी भूगोल शिकवायचो, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत कोयनेच्या खोऱ्यातला डोंगर कसकसा बदलला, हा माझा अभ्यासाचा विषय. जुना नकाशा घ्यायचा, धरणाआधीचा त्यावर ठेवायचा, मग आजचा. कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवले की ओढे सरकलेले दिसतात, वाटा मोडलेल्या दिसतात, गावं खाली उतरलेली दिसतात. आपल्याला डोंगर जागचा हलत नाही असं वाटतं, कारण आपण फार लवकर मरतो.

माझी बायको रेश्मा या सगळ्याला हसायची. तिचं माहेर कोयनानगरच्या वर, कारवटवाडी. ‘डोंगर बघायला कागद कशाला लागतो? सासुरवाडीला या की,’ म्हणायची. दोन वर्षांपूर्वी नागपंचमीला माहेरी गेली. जाताना सांगून गेली, पंचमी झाली की येते, दूध तेवढं उतू जाऊ देऊ नका.

पंचमीच्या आदल्या दिवशी डोंगर खाली आला. वाडी पुरती गेली. वाचले ते तिचे वडील हंबीरराव, फौजेतले जुने सुभेदार. गुडघ्याच्या गोळ्या आणायला कोयनानगरला उतरले होते आणि पावसात तिथंच अडकले. पुढं आठवडाभर खणणं चाललं. बरीच माणसं मिळाली. रेश्मा मिळाली नाही. मग पाऊस वाढला, यंत्रं परत गेली आणि आम्हाला सांगण्यात आलं की आता त्याच जागेला हात जोडा.

मी हात जोडले नाहीत. वर्षभर नकाशे घेऊन बसलो. जुन्या नकाशात वाडीचा ओढा डाव्या अंगानं वाहत होता. भातखाचरांसाठी कुणीतरी कधीतरी तो उजवीकडं वळवलेला. पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. कोसळलेली माती त्या जुन्या पात्रातून गेली असणार, आणि सगळ्यांनी खणलं होतं नव्या ओढ्याच्या काठी. रेश्मा कुठं असेल, हे जगात एकट्या मला कळलं होतं. फक्त तिचं घर नेमकं कुठं उभं होतं ते हवं होतं, म्हणजे तिथून खाली रेघ ओढता आली असती. आणि घाईही होती. ती सगळी माती हळूहळू धरणाच्या पाण्याकडं सरकत होती. अजून एक मोठा पाऊस झाला असता तर रेश्मा पाण्याखाली गेली असती, मग काय शोधणार?

म्हणून नकाशाची गुंडाळी आणि होकायंत्र घेऊन मी मामांकडं, म्हणजे सासऱ्यांकडं, गेलो. वाडीसमोरच्या डोंगराच्या सोंडेवर पत्र्याचं शेड मिळालं होतं त्यांना, तिथं एकटेच राहायचे. दरीपलीकडं तांबडी, सोललेली डोंगराची कूस. ना झाड, ना पायवाट, ना देवळाचा दगड. मी नकाशा पसरला, घर कुठं होतं ते बोटानं दाखवा म्हणालो.

मामांनी नकाशाकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘‘आत्ता कसं दिसंल, जावईबापू? दिवेलागण हुंद्या.’’

मला वाटलं, म्हातारा खचलाय. चहा घेतला, बसून राहिलो. त्या जुन्या नकाशांत एक गंमत होती, वेळ घालवायला ती त्यांना सांगितली. वाडीच्या वरच्या अंगाला, कड्याखाली, हातानं काढलेल्या एका फार जुन्या नकाशात लिहिलंय ‘थोरली कारवटवाडी, बेचिराख’. बेचिराख म्हणजे जळालेलं नव्हे. बे म्हणजे विना, चिराग म्हणजे दिवा. जिथं दिवा लावायला माणूस उरलं नाही ते गाव. म्हणजे ही वाडी पूर्वीही एकदा गाडली गेली होती आणि उरलेली माणसं खाली येऊन वसली होती. पण त्यानंतर कितीतरी वर्षांनी इंग्रजांच्या मोजणीवाल्यानं काढलेल्या नकाशात त्याच बेचिराख जागी घरांची ओळ दाखवलीय. काळे भरीव चौकोन, म्हणजे राहती घरं. त्यातला एकच पोकळ, म्हणजे ओस घर. मी वर्गात मुलांना हसून सांगायचो, साहेब तंबूत बसून नकाशा काढत होता.

मामा हसले नाहीत. ‘‘तंबू हितंच असंल त्येचा,’’ एवढंच म्हणाले.

मग दिवस मावळला. दरीतून धुकं वर आलं आणि त्याच्याबरोबर नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास आला. आजूबाजूला कुठं खणणं चालू नव्हतं. रातकिडे एकदम थांबले. मामा दरीकडं पाठ करून बसले आणि मागं न बघता त्यांनी हात केला.

‘‘बगा... लागला.’’

पलीकडच्या उघड्या कुशीत एक दिवा लागला होता. बॅटरी नव्हे, मोटारीचा नव्हे. तेलाचा, पिवळा, जरा थरथरणारा. मग त्याच्या खाली दुसरा. मग तिसरा. सांजेला बायका उंबऱ्यात दिवा ठेवतात तसे, घरामागून घर. शिकलेलं हातातून जात नाही. होकायंत्र डोळ्याला लावलं.

‘‘मामा... तुमचं घर कुठलं?’’

‘‘कडंचं. सगळ्यात खालचं. रेश्मानं लावलाय न्हवं त्यो.’’

त्या दिव्याची दिशा मी नकाशावर ओढली. रेघ नेमकी जुन्या ओढ्याच्या पात्रात पडली. घर जिथं होतं तिथं नाही, ते वाहत जाऊन जिथं थांबलं तिथं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. आनंद झाला. माझी रेश्मा सापडली होती.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रासाठी खाली फिरलो. उघडीप होती म्हणून सगळी यंत्रं कामावर गुंतलेली. एकच यंत्रवाला म्हणाला, परवा मोकळं आहे, परवा पंचमी, कुणी रानात यंत्र घालत नाही. मी म्हटलं, परवा चालेल.

मामांना सांगितलं तेव्हा ते उभे राहिले. जन्मात कधी माझ्यापुढं त्यांनी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, ‘‘पंचमीला माती उकरत न्हाईत, जावईबापू. आमच्यात सुरीबी चालवत न्हाईत. आन् तितं दिवा लागतुया तवर त्ये गाव बेचिराख न्हाई. ऱ्हाऊ द्या तिला तिच्या घरात.’’

मी म्हणालो, मामा, मला तिला अग्नी द्यायचाय, एवढंच. रानातला नाग दुखावू नये म्हणून पंचमीची चाल पडलीय, तिथं आता कसलं रान आणि कसला नाग? मी फार शहाणा होतो हो. सगळं नकाशावर होतं माझ्या.

पंचमीला सकाळी नानासो म्हणून ऑपरेटर यंत्र घेऊन आला. आधी नारळ फोडला, मगच चावी फिरवली. दुपारपर्यंत नुसता तांबडा चिखल. मग त्यानं एकाएकी यंत्र थांबवलं आणि उतरून लांब जाऊन उभा राहिला. मी खड्ड्यात उतरलो.

खाली जमीन होती. शेणानं सारवलेली. ओली. वर्षभर मातीखाली राहिलेली नव्हे, आत्ता सकाळी सारवलेली, अजून शेणाचा वास येत होता. बोटांच्या अर्धगोल ओळी स्पष्ट होत्या. मी माझी बोटं त्यांत ठेवून बघितली, ओळी माझ्या बोटांपेक्षा बारीक होत्या. मधोमध एक निरांजन होतं. वात विझलेली, पण धूर अजून वर चढत होता. माणूस मात्र नव्हतं. आम्ही उन्हं उतरेपर्यंत चारी बाजूंनी उकरलं. हाड नाही, बांगडी नाही, काही नाही.

त्या सांजेला मी पुन्हा सोंडेवर बसलो. दिवे लागले. वरून एकेक, ओळीनं. सगळ्यात खालची जागा काळी राहिली. मी वाट बघितली. धुकं भरून आलं, तरी काळीच राहिली. मग त्या साहेबाचा पोकळ चौकोन मला आठवला. त्यानंही इथूनच दिवे बघून घरं मांडली होती. थोरल्या वाडीतही कुणीतरी आपलं माणूस शोधायला उकरलं होतं.

मामांनी त्या दिवशी पहिल्यांदा दरीकडं तोंड केलं. मग मला विचारलं, रागानं नाही, खरोखरच विचारलं.

‘‘तितनं काढलीसा तिला. आता ती ऱ्हाणार कुठं?’’

पंधरवड्यात मोठा पाऊस झाला आणि ती सगळी कूस धरणात गेली. मामा त्यानंतर जेवेनात. दिवाळी त्यांनी बघितली नाही.

मी नोकरी सोडली आणि घरात बसलो. तिनं यावं म्हणून रोज दिवेलागणीला उंबऱ्यात दिवा लावतो. तिला घर उरलं नाही ते माझ्यामुळं, मग तिनं इथंच यायला हवं ना? पण माझ्या हातचा दिवा टिकत नाही. वारा नसतो, तेल असतं, वात नवी असते, तरी विझतो. माझ्या बाजूला ठेवलेला कुठलाच दिवा टिकत नाही. या घराला माणूस आहे, पण ते बेचिराखच आहे, काय करणार?

दिवा विझला की मातीचा वास येतो. सकाळी बघतो तर या गुळगुळीत फरशीवर शेणाच्या सारवणाच्या अर्धगोल ओळी उमटलेल्या. मी पुसत नाही. दाराशी सुरू झाल्या होत्या, रोज थोड्या पुढं येतात. ती घर करतेय, पण तिला दिवा मिळत नाही.

तुमच्या बाजूचा आहे ना अजून? बारीक झाला... असू दे, वात नका वर करू. फक्त पाय तेवढे उचलून घ्या. तुमच्या खुर्चीखाली ओलं असेल.