पेशवीण आणि हिरवा उजेड

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीचं दार ती नेहमी पाठीनेच ढकलायची, कारण दोन्ही हातांत पेशींचा ट्रे असायचा. त्या दिवशी दारामागे माणूस उभा होता. ट्रे निसटला... आणि त्याने तो वरच्यावर झेलला. त्याची हत्यारांची पेटी मात्र धाडकन त्याच्याच पायावर पडली.

"अगंबाई! लागलं का हो?"

"पाय दोन आहेत, मॅडम. ट्रे एकच दिसला," तो कळवळत म्हणाला.

तो सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणारा. ती त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करणारी. अहोरात्र पेशींच्याच मागे, म्हणून सगळे तिला 'पेशवीण' म्हणत.

तिचं म्हणणं साधं होतं. ऑक्सिजनचे काही टवाळ रेणू पेशीत धुडगूस घालतात, पेशीवर ताण येतो. पण एक विशिष्ट जनुक बिघडलं की कर्करोगाची पेशी तो ताण सहज पचवते. ताण आला की पेशीत घातलेला रंग निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. म्हणजे बिघडलेल्या जनुकाच्या पेशी मंद दिसायला हव्यात, जनुक दुरुस्त केलेल्या लख्ख. पण तीन आठवडे दोन्ही सारख्याच चमकत होत्या! शुक्रवारपर्यंत पुरावा नाही मिळाला, तर विषय बंद, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

"तुमचं मशीनच बिघडलंय," ती फणकारली.

त्याने भिंगं तपासली. मग हळूच विचारलं, "निळा दिवा लावून किती वेळ बघता?"

"पाच-सहा मिनिटं. मी नीट बघते."

"इतकं टक लावून कुणी बघितलं, तर... मीसुद्धा हिरवा होईन."

तिला हसू फुटलं, आणि मग तिने कपाळावर हात मारला. इतका वेळ दिव्याखाली ठेवल्यानेच दोन्हींतला रंग चमकत होता! तीन आठवडे ती दिव्यालाच ताण समजत होती.

गुरुवारी तिने नव्या पेशी घेतल्या. त्याने दिवा मंद केला, क्षणभरच उघडला. पहिली बशी, दुरुस्त जनुकाची — लख्ख हिरवी. दुसरी, बिघडलेल्या जनुकाची — जवळजवळ काळोख.

"पचवला! मेल्यांनी ताण पचवला!" तिने आनंदाने त्याचा हात गच्च धरला. मग सोडला. मग दोघंही उगाच दिव्याकडे बघत राहिले.

विषय वाचला. त्याचं कामही संपलं.

सोमवारी तिची तक्रार गेली : 'काहीच दिसत नाही.' तो धावतपळत आला. स्क्रू न् स्क्रू तपासला.

"सगळं ठीक आहे, मॅडम."

"माहीत आहे."

"मग तक्रार...?"

"मशीनची केली की तुम्ही येता," ती नखं न्याहाळत म्हणाली. "तुम्ही दिसत नाही, ही तक्रार कुठे करायची असते, ते कुणी सांगितलंच नाही."

त्याचे कान लालबुंद झाले. "मॅडम, मी—"

"मॅडम नको."

"मग काय म्हणू?"

"'चहाला चल' म्हण."

"...चल," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"चल ना गं!" तो असा ओरडला की शेजारच्या खोलीतून सरांनी घाबरून विचारलं, "कुठे?"