आखाजीचा मुराळी

पुण्याहून येताना धुळ्याच्या स्टँडवर त्या दुपारी माझं डोकं उन्हापेक्षा जास्त तापलं होतं. उद्या आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. सगळ्या लेकीबाळी माहेरी निघालेल्या. जळगावची गाडी आली रे आली की खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, एकदा तर अख्खं पोरगं जागा धरायला आत गेलं. मी कशीबशी पायरीपर्यंत पोचले, तर एका मावशींनी कोपरानं मला असं काही बाजूला सारलं की विचारू नका.

"ओ डॉक्टरीणबाई! केळीच्या गाडीत बसणं चालेल का?"

रस्त्याकडेला धुळीनं माखलेला पिकअप, मागे रिकामी कॅरेट, आणि खिडकीतून डोकावणारा चेहरा... ललित! आमच्या शेजारचा. नात्यातला नाही, भावकीतला नाही. भिंतीला भिंत लागून घर, एवढंच. मी फिजिओथेरपी शिकायला पुण्याला गेले, तो शेतीचं शिकायला राहुरीला, तेव्हापासून धड गाठ नव्हती. मधल्या काळात याला दाढी कधी आली? आणि ती इतकी शोभायला कुणी सांगितलं होतं?

"एसी आहे का?" मी नाक वर करून विचारलं.

"काच खाली केली की आहे."

बसले. पारोळ्याचा रस्ता लागला. तोंडावर गरम वाऱ्याच्या झळा, पाठीमागे कॅरेटांचा खडखडाट. आणि हा दर मिनिटाला आरसा बघतोय... त्या आरशात मीच दिसत होते.

"आरशात मागचं बघतात," मी म्हटलं.

"मागे नुसती कॅरेट आहेत, ऋतिका. इकडे बरं दिसतंय."

बाई गं! मी झटकन खिडकीबाहेर बघायला लागले. बघण्यासारखं काही नव्हतं, नांगरलेली रानं फक्त.

"आखाजीला आपण काय खेळायचो, आठवतं?" त्यानं विचारलं.

न आठवायला काय झालं? आमच्याकडे आखाजीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला तिचा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मोठ्यांचं बघून आम्हीही तेच खेळायचो. गल्लीतल्या ज्योत्स्नाकाकूंचा ओटा म्हणजे माझं सासर. उलटी खाट म्हणजे बैलगाडी. मी डोक्यावर ओढणी घेऊन खोटं खोटं रडत बसायचे, आणि ललित टॉवेलचा फेटा बांधून, केळीच्या सोपटाचा चाबूक उडवत मला घ्यायला यायचा. वाटेत नदी लागायची, तिथं तो मला ओंजळीनं पाणी पाजायचा. वाघ यायचा, त्याच्याशी लढायचा. सगळ्यात शेवटी जावई यायचा... तो मात्र गल्लीतला कुंदन.

"किती खरं वाटायचं ना!" ललित म्हणाला. "उलट्या खाटेवर बसून कुठं कुठं जाऊन यायचो आपण. आता खरी गाडी आहे, तूही आहेस, आणि..."

"आणि काय?"

"काही नाही."

त्या 'काही नाही'चा मला असा संताप आला! पण तेवढ्यात आईचा फोन. नेटवर्क धड नव्हतं म्हणून स्पीकर लावला, तिथंच चुकलं.

"कुठी आहे व माय तू?"

"ललितच्या गाडीत. तासाभरात जळगाव येईल, मग तापी ओलांडली की घर."

"आपला ललित? मंग मले काही घोरच नाही! लहानपणापासून मुराळी तुझा तो. ललित, भाऊ, नीट आण रे बहिणीले. उद्या भुसावळचे पाहुणे येऊन राह्यले तिले पाहाले. बहुतेक पक्कंच करून जातीन."

फोन बंद झाला. गाडी हळू होत गेली, आणि एरंडोलच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली थांबलीच.

"का थांबवली?"

"इंजिन तापलं."

"इंजिन की तू?"

त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "सांगितलं नाहीस तू."

"विचारलंस? इतक्या वर्षांत एक फोन तरी केलास?"

"काय म्हणून करणार होतो? तुझ्या आईच्या, माझ्या आईच्या, सगळ्या गल्लीच्या लेखी मी तुझा भाऊ! खेळ संपला, ते नाव काही सुटलं नाही. आणि कोण काय व्हायचं ते तूच ठरवायचीस. दर वर्षी जावई कुंदन! का? मी काय वाईट होतो?"

एवढा दाढीवाला माणूस, पण ओठ फुगवलेला अगदी आठ वर्षांच्या पोरासारखा. मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

"अरे येड्या, जावयाला काम काय होतं? शेवटी यायचं, लाडू खायचा, घरी जायचं. मुराळी सगळा खेळ माझ्या शेजारी असायचा. मला... मला तू शेजारी हवा होतास. आणि राखी कधी बांधली का रे तुला? दर वर्षी पोट दुखतंय म्हणून झोपून राहायचे मी."

त्यानं आठवून पाहिलं. "नाही... खरंच नाही बांधलीस."

"मला तू आवडतोस, ललित. तेव्हाही, आताही. उद्या मला कुणापुढे पोह्यांची बशी घेऊन जायचं नाहीये. आता बोल काहीतरी, नाहीतर मी उतरून पायी जाते!"

"एवढ्या उन्हात?"

"ललित!"

"आवडतेस गं... फार आवडतेस." गिअरवरचा त्याचा हात माझ्या बोटांवर आला. "आजच बोलतो तुझ्या घरी, मावशींशी."

पुढचा रस्ता काही संपेना. जळगाव गेलं, तापीचा पूल गेला. हा मोठमोठ्यानं वाक्यं पाठ करत होता आणि प्रत्येक वेळी मध्येच अडखळत होता.

दिवेलागणीला पोचलो. आईनं दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी दोघांवरून ओवाळून टाकलं. "ये रे भाऊ. बहिणीले आणलं, आता जेवूनच जा."

ललितचं पाठ केलेलं सगळं उडालं.

"मावशी... उद्याच्या पाहुण्यांना नका येऊ देऊ."

"काब्र रे? काय झालं?"

"मला... मला करायचंय ऋतिकाशी लग्न."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही.

"पण तुम्ही तर बहीण-भाऊ..."

"खेळात, आई! आम्हाला माहीत होतं तो खेळ आहे. तुम्ही मोठी माणसंच खरं धरून बसलात."

आईनं तांब्या उंबऱ्यावर ठेवून पदर खोचला. आता फुटणार, मला वाटलं.

"असं हात हालवत कोणी मागणं घालते का रे?" ती म्हणाली. "जा, मायले घेऊन ये. तिच्या बापाले मी सांगते."

ललित फाटकाकडे वळलाच नाही. मधल्या भिंतीवरून उडी मारून पलीकडे 'आई, ए आई' ओरडत पळाला.

"तू काय दात काढून राह्यली?" आई माझ्यावर खेकसली. "चहा ठेव. अन् साखर जास्त टाक, तुझ्या सासूले गोड लागते."