एक लिटर डिझेल

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या आत्याची आहे, आणि आत्या बाता मारणाऱ्यातली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केलेली बाई. मोजून बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही.

जानेवारीतला गुरुवार होता. दुपारचे चार वाजले होते. डोंगरातल्या तळ्याकाठी, गाड्या लावायच्या मोकळ्या मैदानात आत्याने आपली कॅम्पर व्हॅन उभी केली.

एकटीने. आतोबांना जाऊन आठ महिने झाले होते.

ही व्हॅन म्हणजे आतोबांचा जीव. आत पलंग, ओटा, छोटी शेगडी आणि पलंगाखाली हीटर. गाडी पेट्रोलवर चालायची, पण हीटर आणि शेगडी डिझेलवर. त्यासाठी दहा लिटरची वेगळी टाकी होती. आतोबा लाकडी पट्टी बुडवून ती रोज मोजत. पट्टीवर दहा रेघा, एका रेघेला एक लिटर.

"मंद ठेवला तर शंभर तास," ते सांगत. "जोरात लावलास तर चाळीससुद्धा नाही. अंगावर शाल घे की."

सहा हिवाळे आत्या त्या गाडीत शाल पांघरून कुडकुडली. पाहुणे आले की त्यांनाही थंडी वाजायची. मग आत्याच ओशाळून सारवासारव करायची.

या वेळी ती मुद्दाम आली होती. मनासारखं डिझेल जाळायचं, म्हणून.

तिने टाकी काठोकाठ भरली होती. हीटरचं बटण गर्रकन शेवटपर्यंत फिरवलं. पलंगाखाली डिझेल ढकलणारा पंप वाजू लागला.

टकटकटकटक...

गाडी भराभर तापली. आत्याने स्वेटर काढला, शेगडीवर चहा ठेवला. बाहेर बर्फ सुरू झाला होता. पन्नास पावलांवर आणखी एक व्हॅन होती, भाड्याची, तसल्याच हीटरची. तिच्यातला तरुण सुट्टीवर आला होता. त्याचं कपडे शिवायचं दुकान होतं. त्याने काचेतून हात केला, आत्यानेही केला.

अंधार पडता पडता तिच्या लक्षात आलं...

टक... टक... टक...

पंप मंदावला होता.

तिने वाकून पाहिलं. बटण अगदी खालच्या खुणेवर होतं.

सैल झालं असेल. तिने ते परत फिरवलं आणि कप विसळायला वळली.

टक... टक... टक...

बटण पुन्हा खाली.

मग मात्र तिने ते शेवटपर्यंत फिरवून त्यावर चिकटपट्टी मारली. घट्ट. आणि झोपली.

शुक्रवारी सकाळी जाग आली ती थंडीने. बटण खाली होतं. चिकटपट्टी...

चिकटपट्टी फळीवर होती. नीट गुंडाळी करून ठेवलेली.

वापरलेली चिकटपट्टी फेकायची नाही, हीसुद्धा आतोबांचीच सवय.

आत्याने टाकीत लाकडी पट्टी बुडवली. आठ रेघांच्या वर डिझेल होतं. रात्रभर जोरात जळायला हवं होतं, सहाच लिटर उरायला हवे होते.

ती म्हणते, भीती नंतर वाटली. आधी संताप आला. "अहो, आता तरी सोडा," ती रिकाम्या गाडीत म्हणाली. "मेल्यावरही मला ऊब मिळू द्यायची नाही का?"

पंप तेवढा वाजत राहिला. मंद.

रस्ता बंद झाला होता. फोन लागत नव्हता. हीटरला वीज हवी म्हणून ती रोज अर्धा तास गाडी चालू ठेवायची. त्या दिवशी गाडी चालू केल्यावर धुराची नळी मोकळी आहे ना, हे बघायला ती खाली उतरली. हीटरचा धूर बाहेर टाकणारी ती नळी बर्फाने बुजली, तर हीटर बंद पडतो.

गाडीभोवती गुडघाभर बर्फ होता.

नळीपुढचा मात्र कुणीतरी हातांनी उकरल्यासारखा साफ केलेला.

आणि आजूबाजूला पावलं... एकही नाही.

तिने बटणाचा नाद सोडला. दोन स्वेटर, शाल, रजई घेऊन बसून राहिली.

शनिवारी दिवेलागणीला बाहेर बर्फात कुणाच्या तरी चालण्याचा आवाज आला. पावलं गाडीच्या मागच्या बाजूला थांबली. कुणीतरी काहीतरी बोललं. एकच वाक्य.

मग सगळं शांत...

पावलं लांब गेली.

आत्याने दार उघडलं नाही. काचेवरचा पडदाही सारला नाही. तिला वाटलं, आतोबाच आहेत. तिने रजई कानांवर ओढली.

सोमवारी सकाळी बर्फ हटवणारी गाडी वर पोचली. आत्या धडधाकट होती. टाकीत नेमकी एक रेघ डिझेल उरलं होतं. बर्फगाडीचा चालक म्हणाला, "बाई, हिशोबाने वापरलंत म्हणून वाचलात. जोरात लावलं असतं तर शनिवारीच संपलं असतं."

शिंप्याचं शनिवारीच संपलं होतं. त्याला स्ट्रेचरवरून नेलं.

आठवड्याने आत्या त्याला बघायला हॉस्पिटलमध्ये गेली. दोन्ही हातांना बँडेज होतं. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली होती. त्याची आई शेजारी बसून त्याला भरवत होती.



"शनिवारी तुमच्याकडे आलो होतो," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर गाडीमागे वाकून नळीपुढचा बर्फ काढत होते. म्हटलं, एक लिटर डिझेल द्या, आजची रात्र निघेल. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. नुसता हात हलवला. नाही म्हणून."

आत्या जवळच्या स्टुलावर बसली.

"फार नव्हतं मागितलं हो," तो म्हणाला. "मग दार ठोठावायची लाज वाटली."

त्याच्या आईने चमचा खाली ठेवला. दोघं आत्याच्या तोंडाकडे बघत होती.

"माफ करा," आत्या म्हणाली. "त्यांचा स्वभावच तसा आहे."

आहे, म्हणाली. आणि उठून बाहेर आली.

ही शिंप्याची गोष्ट तिने दोन वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या महिन्यात भाजी निवडता निवडता मला सांगितली. सगळे म्हणायचे, नवऱ्याने जाऊनही बायकोला वाचवलं. आत्याचं म्हणणं, त्यांनी डिझेल वाचवलं. मी त्यात आले, इतकंच.

मी विचारलं, "आत्या, तू त्याला सांगितलं का नाहीस, की आतोबा आठ महिन्यांपूर्वीच गेलेत?"

तिचे हात थांबले.

"मग त्याने विचारलं असतं," ती म्हणाली, "की मग 'नाही' कोण म्हणालं?"

तिने पुन्हा भाजी निवडायला घेतली. माझ्याकडे न बघता.

शनिवारचं ते एक वाक्य तिला नीट ऐकू आलं होतं का, एवढं मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही...