उजवीकडे पाहणारे क्रौंच

आर्डिथ सोरेन्सन सोमवारी सकाळी ओपल रुझिच्काच्या ऑफिसात आली ती शिलाई मशीन काखोटीला मारूनच. मशीन टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "गुरुवारी दहा वाजता मला चोर ठरवणार आहेत. तोवर काही होईल का तुमच्याच्यानं?"

"काय चोरलंत?" ओपलनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग बसा. बसलाच आहात म्हणा."

ओपल पूर्वी विमा कंपनीत होती. गारपिटीनं गेलेलं छप्पर खरंच गारपिटीनं गेलंय का, हे बघण्यात तिची एकोणीस वर्षं गेली. आता ती खासगी तपासाची कामं घेते, आणि तिचा धाकटा भाऊ व्हर्नन तिची गाडी चालवतो. व्हर्नननं शाळेत बत्तीस वर्षं फुटबॉल शिकवला. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या डोक्यात प्रकाश उशिरा पडतो, आणि पडला तरी भलत्याच खोलीत.

आर्डिथची हकिगत सरळ होती. गावातली कॉरिन हॅमंड गोधड्यांचे नमुने काढते. नेब्रास्कात आणि आजूबाजूच्या राज्यांत बायका तिचे कागद विकत घेऊन घरोघरी गोधड्या शिवतात. नमुना विकायला काढण्याआधी कुणालातरी तो शिवून बघावा लागतो. माप चुकलं तर शेकडो घरांत कापड वाया जायचं. हे काम बावीस वर्षं आर्डिथ करत आली. यंदाचा नमुना होता प्लॅट नदीत उतरलेल्या क्रौंचांचा. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा लोकांसमोर यायचा होता. दहा दिवसांपूर्वी कुणीतरी तोच नमुना टोपणनावानं इंटरनेटवर विकायला ठेवला.

"कागद दोघींकडेच होते," आर्डिथ म्हणाली. "एक मी, दुसरी दुकानवाली ट्वायला. ट्वायलानं या नमुन्यासाठी कापडाचे चाळीस तागे मागवलेत. ती कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेईल? मग राहिले मी. गोधडी मंडळातून मला काढून टाकायचा ठराव कॉरिननंच मांडलाय. फोन उचलत नाही माझा. बावीस वर्षं दर शनिवारी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात शिवत बसतो हो. मंडळानं काढलं तर काढलं. पण तिला खरंच वाटतंय की मी..."

तिनं रुमाल डोळ्यांना लावला. रडणं व्हर्ननला बघवत नाही. "हे मशीन कशाला आणलंत?" त्यानं विषय बदलला.

"नाही तर तुम्हाला कळायचं नाही." आर्डिथनं कॉरिनचा छापील कागद काढला, कापडाची एक निळी पट्टी कागदाखाली धरली आणि वरच्या रेघेवरून सुई चालवली. "कापड खाली, रेघ वर. एक तुकडा झाला की दुसरा. सगळं झालं की कागद फाडून टाकायचा. अशा शिवणीत टोकं कशी अणकुचीदार येतात. क्रौंचाची चोच म्हणजे चोचच दिसली पाहिजे."

व्हर्नननं कागद न्याहाळला. पाण्यात उभे नऊ क्रौंच, सगळ्यांच्या चोची डावीकडे, वर सात चांदण्या.

"कॉरिनची स्वतःची गोधडी कशी झालीये?" ओपलनं विचारलं.

"मी कुठे पाहिलीये? प्रदर्शनापर्यंत ती कुणाला दाखवत नाही. मी माझी वेगळी शिवते, माझ्या रंगांत."

दुपारी दोघं भावंडं घरी गेली तेव्हा कॉरिननं दार उघडलं, पण उंबरा सोडला नाही. "आर्डिथनं पाठवलं तुम्हाला? कमाल आहे तिची."

"आधी गोधडी दाखवा, मग हाकलून द्या," ओपल म्हणाली.

गोधडी कपाटातून बाहेर आली. पलंगभर उथळ पाणी पसरलं, आणि त्यात उजवीकडे चोची करून उभे असलेले नऊ क्रौंच. वर सप्तर्षी.

"सप्तर्षी अगदी बरोबर आहेत," व्हर्नन म्हणाला. "आमच्या शेतावरून असेच दिसायचे. पण या गड्याला एकच पाय आहे."

कॉरिन ओशाळली. "कागदावर दोन आहेत. मी तिथे पायाऐवजी पाण्याचा तुकडा लावून बसले. कळलं तोवर पुढचं सगळं जोडून झालं होतं. कोण उसवणार? क्रौंच झोपतात तेव्हा एका पायावरच उभे राहतात, म्हटलं झोपू दे याला."

"फोटो काढलाय?"

"अजून नाही."

"गोधडी घराबाहेर कधी गेली होती?"

"एकदाच. मंडळातल्या गेलॉर्डकडे, थर टाचायला. तीन आठवडे होती. आली ती थेट कपाटात."

"इंटरनेटवरचा नमुना उघडून पाहिलात?"

"वरचं चित्र पाहिलं, तेवढं पुरे झालं. विकत घेऊन वर चोराची भर करू?" कॉरिननं गोधडीची घडी घातली. "माझ्या मुलीच्या लग्नाची गोधडी आर्डिथनं शिवलीये. मला काय हौस आहे असं काही मानायची? पण कागद होते कुणाकडे, तुम्हीच सांगा."

तिचा आवाज चढला होता आणि डोळे सुजलेले होते. दारापाशी आल्यावर ती हळूच म्हणाली, "बरी आहे का ती?"

ट्वायला बर्गस्ट्रॉम दुकानात कात्री चालवता चालवताच बोलली. कागद गल्ल्याखालच्या कुलपात होते. कुठल्या रंगाचं कापड किती लागेल, एवढं मोजण्यापुरते तिनं ते पाहिले होते. "मी काय वेडी आहे? नमुना आधीच सगळीकडे गेला, तर हे चाळीस तागे मी काय अंगाला गुंडाळून फिरू?"

"कॉरिनची गोधडी पाहिलीत?"

"ती कसली दाखवते. सोन्याच्या अंड्यावर बसावं तशी बसते तिच्यावर."

गेलॉर्ड प्रिबिल घरामागच्या शेडमध्ये होता. मंडळातला हा एकमेव पुरुष. पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता बारा फुटी मशीनवर लोकांच्या गोधड्या टाचून देतो. वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर असे तीन थर, आणि त्यांतून फिरणारी वेलबुट्टी. त्यानं पाहुण्यांना कॉफी दिली, बहिणीनं पाठवलेले खसखशीचे कोलाची, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, दिले. व्हर्नननं तीन खाल्ले.

"तुम्ही स्वतः शिवत नाही?" ओपलनं विचारलं.

"छे. शिवलेलं येतं माझ्याकडे. मी टाचतो." त्यानं मशीन सुरू करून दाखवलं. मागच्या बाजूच्या लांब टेबलावर वेलीचं चित्र असलेला कागद होता. त्या रेघेवरून तो उजेडाचा एक लाल ठिपका फिरवत गेला, आणि पुढे कापडावर सुईनं तीच वेल उमटवली. "कागदावर जशी, तशीच कापडावर. डोळे मिटून भरवसा ठेवावा."

भिंतीवर मासिकांतली पानं चौकटीत लावली होती. बक्षिसं मिळालेल्या अकरा गोधड्या. प्रत्येकीखाली कॉरिन हॅमंडचं नाव.

"या सगळ्या तुम्ही टाचल्यात? मग तुमचं नाव कुठाय?" व्हर्नननं विचारलं.

"मशीनचं नाव कोण लिहितं?" गेलॉर्ड हसला आणि चौथा कोलाची त्याच्यापुढे सरकवला.

बुधवारी ओपलनं इंटरनेटवरचा नमुना विकत घेतला आणि छापून व्हर्ननपुढे टाकला. "बघ, काय दिसतं?"

व्हर्नननं चष्मा लावला. "नऊ क्रौंच. चोची उजवीकडे, गोधडीत आहेत तशाच. सप्तर्षी बरोबर. झोपाळू गडी एका पायावर. नक्कल बेमालूम आहे, ताई. उलट कॉरिनचेच कागद चुकलेत. आर्डिथकडच्या कागदावर चोची डावीकडे होत्या. चोरानं निदान नीट तरी काढलंय."

ओपल त्याच्याकडे बघत राहिली. "व्हर्न, तू अर्धी केस सोडवलीस."

"हो? कुठली अर्धी?"

"ते तुला उद्या कळेल."

गुरुवारी दहा वाजता चर्चच्या तळघरात मंडळाचे एकवीस सदस्य जमले. लांब टेबलावर कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या, आणि कुणीच काही खात नव्हतं. कॉरिन एका टोकाला बसली होती, आर्डिथ दुसऱ्या टोकाला. अध्यक्षीणबाई मॅक्सीन ठराव वाचायला उभी राहिली, तेव्हा ओपल म्हणाली, "त्याआधी मला वीस मिनिटं द्या. आर्डिथ, हा इंटरनेटवरचा कागद. यातला चांदण्यांचा तुकडा आणि एक क्रौंच शिवा. सगळ्यांसमोर."

आर्डिथनं कापड कागदाखाली धरलं. मशीन चालू लागलं. पहिले चार टाके पडल्यावरच ती थबकली, कागदाकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"थांबू नका," ओपल म्हणाली.

शिवून झालं. आर्डिथनं कागद फाडला आणि कापड सुलटं करून धरलं. क्रौंच डावीकडे बघत होता. सप्तर्षींचं शेपूट भलत्याच बाजूला होतं.

"असे सप्तर्षी जगात कुठेच दिसत नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर," ओपल म्हणाली. "मला शिवता येत नाही, म्हणून मी फक्त बघत होते. रेघ कागदाच्या वरच्या बाजूला, कापड खालच्या बाजूला. म्हणजे कागदावरचं चित्र कापडावर आरशातल्यासारखं उलटं येतं. हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच कॉरिनच्या कागदावर चोची डावीकडे आहेत आणि गोधडीवर उजवीकडे. आमच्या व्हर्ननला ती कॉरिनची चूक वाटली."

व्हर्नननं छताकडे पाहिलं.

"चोराच्या कागदावर चोची उजवीकडे आहेत. तो कागद कुणी शिवला तर सगळं उलटं येणार. आता सांगा, आर्डिथनं किंवा ट्वायलानं चोरी केली असती तर काय केलं असतं? हातात असलेले कागद झेरॉक्स मशीनवर टाकून प्रती काढल्या असत्या. दोन मिनिटांचं काम. चोरानं मात्र सगळं नव्यानं काढलं. का? त्याच्याकडे कागदच नव्हते म्हणून. त्यानं गोधडीवर पारदर्शक प्लास्टिक पसरलं आणि दिसलं तसं गिरवलं."

कॉरिन उभी राहिली. "आर्डिथला सगळं कळतं. तिनं मुद्दाम उलटं काढलं असेल, आळ दुसऱ्यावर जावा म्हणून."

"मग हा एक पाय तिनं कुठून आणला?" ओपलनं कागद पुढे धरला. "तुमच्या कागदावर प्रत्येक क्रौंचाला दोन पाय आहेत. एक पाय गायब आहे तो फक्त तुमच्या गोधडीत. चोराच्या कागदावरही त्याच क्रौंचाचा पाय गायब आहे. आर्डिथला तुम्ही ती गोधडी दाखवलीत?"

"नाही."

"ट्वायलाला?"

"नाही." कॉरिन खाली बसली.

"कागद कुणाकडे होते, असं तुम्ही विचारत होतात. विचारायचं होतं, गोधडी कुणाकडे होती. तीन आठवडे ती एकाच माणसाकडे होती. तो स्वतः शिवत नाही. त्याच्या मशीनवर कागदावर जसं, तसंच कापडावर येतं. त्याच्या धंद्यात चित्र उलटत नाही, म्हणून इथे उलटतं हे त्याला कधी कळलंच नाही."

कुणी मान वळवली नाही, कारण सगळे आधीच गेलॉर्डकडे बघत होते.

गेलॉर्डनं कप खाली ठेवला. "अकरा वर्षं," तो म्हणाला. "तिच्या गोधडीवरचा एकेक टाका माझा. परीक्षक टाके मोजतात, भिंगातून बघतात, आणि बक्षिसाची फीत लागते तिच्या नावाला. एकदा वाटलं, आपलाही एक कागद असावा. काढला. मग त्याच्यावर नाव घालायचा धीर झाला नाही." तो आर्डिथकडे वळला. "तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं."

"आलं तेव्हा गप्प बसलास," आर्डिथ म्हणाली.

"हो. बसलो."

व्हर्ननला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींचं काय करावं ते त्याला कळेना. त्यानं चार कोलाची खाल्ले होते.

मॅक्सीननं घसा साफ केला. "म्हणजे ठराव मागे घेतला असं लिहू?"

"नाही," आर्डिथ म्हणाली. "मत घ्या. हात वर करून. दहा दिवस गावात सगळे माझी नजर चुकवतायत. मला एकेक हात बघायचाय."

मॅक्सीननं ठराव वाचला. बाजूनं कोण, असं विचारलं. एकही हात वर आला नाही. विरोधात कोण? हात वर आले, काही झटकन, काही लाजत. गेलॉर्डनंही हात वर केला. अजून तो सदस्य होता. आर्डिथ प्रत्येक हाताकडे नीट बघत गेली, आणि शेवटी टेबलाच्या त्या टोकाला पोचली. कॉरिनचा हात वर होता आणि ती रडत होती.

"आर्डिथ, चुकलं माझं," कॉरिन म्हणाली. "तुला विचारायलाच हवं होतं. तुला सोडून सगळ्यांना विचारलं मी. शनिवारी येशील?"

आर्डिथनं मशीनचा दोरा तोडला, सुई वर घेतली, झाकण लावलं. तिला जायचं होतं. तिथल्या तिथे हो म्हणावं असंही वाटत होतं.

"या शनिवारी नाही," ती म्हणाली, आणि मग तिलाही रडू आलं.