खांद्यातली दोन बोटं

लाइट गेली ते बरंच झालं. जवळ सरका, आणि मध्ये कुणी बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मेहुण्याची आहे, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची.

शिंपी होता तो. कोट शिवावा तर त्यानंच. त्याची एक रीत होती. आधी कोट पांढऱ्या दोऱ्याने कच्चा शिवायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून खडूने रेघा मारायच्या, मगच पक्की शिलाई. आणि गिऱ्हाईक मध्येच वारलं, तर टाके उसवून कापड घरच्यांना परत द्यायचं.

एक मोठे शेठ ट्रायलच्या आदल्या दिवशीच गेले. कापड भारीतलं, काळंभोर. बहीण म्हणाली, देऊन या. हा उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत फिरला. शेठच्या घरी निरोप धाडला की कापडाला कसर लागली. शेठ अंगाने दांडगे. यानं दोन्ही खांद्यांत दोन-दोन बोटं आत घेतली आणि कोट स्वतःच्या मापाचा केला.

कोट अंगावर चढला आणि माणूस फिरला. लोक ‘या साहेब’ म्हणू लागले. त्याला मशीनवर बसायची लाज वाटू लागली. मी बाजारात हाक मारली, तर काचेतून पाहावं तसं पाहून पुढे गेला. बहिणीला म्हणाला, “बाहेर माझ्या चार पावलं मागून चालत जा. कामवाली समजले तरी चालेल.”

गेल्या महिन्यातला दुसरा शनिवार. एका कारखानदाराकडचं जेवण आटोपून हा पावणेबाराला एकटाच घरी निघाला. वाटेत त्याचं दुकान. कुलूप बाहेरून, आणि आत दिवा. चोर असेल म्हणून त्यानं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं.

आलोच आहोत तर, म्हणून आरशासमोर उभा राहिला. कॉलर नीट केली.

मागून कुणीतरी खांद्यावर मापाची फीत ठेवली.

हलकेच. तो स्वतः ठेवायचा, तशी.

आरशात तो एकटाच होता.

फीत ताणली गेली... मग खडू ओढल्याचा आवाज... एकदा. दुसऱ्यांदा.

“खांद्यात दोन बोटं घेतलीस,” कानाशी कुणीतरी म्हणालं. “तेवढी मी घेतो.”

तो धावत घरी आला. बहिणीनं कोट काढला, शर्ट काढला. दोन्हींवर काही नव्हतं. उघड्या कातडीवर मात्र, दोन्ही खांद्यांवर दोन बोटं आत, खडूची पांढरी रेघ. साबणाने धुतली. गेली नाही.

बहीण रात्रभर एकच सांगत राहिली, कोट देऊन टाका. मीही सकाळी जाऊन तेच सांगितलं. पण उजाडलं तशी त्याची भीती उतरली. म्हणाला, “पुढच्या शनिवारी मोठी माणसं येणार आहेत. तेवढा एकदा घालतो. मग देतो.”

घातला.

रविवारी पहाटे बहिणीचा फोन आला. मी गेलो. हा खाटेवर पालथा पडलेला, जिवंत, पण हाकेला ओ नाही. कोट घरात कुठेच नव्हता. अंगातला शर्ट त्याचाच, रोजचा. तो खांद्यांवरून खाली ओघळला होता. पोराला बापाचा शर्ट घालावा, तसा.

मी बॅटरी जवळ नेली.

खडूच्या रेघा नव्हत्या.

त्या जागी टाके होते. पांढऱ्या दोऱ्याचे.

कच्चे.