वाजवण्याआधीचा श्वास

खोटं बोलायची मला सवय नाही. पटलं तर वाचा, नाहीतर चालू लागा. पण हे घडलंय... माझ्या या दोन कानांनी ऐकलंय.

गेल्या थंडीतली संध्याकाळ. संगीतशाळेचा छोटा हॉल. माझी नात एकटीच व्हायोलिन वाजवणार होती. आधी तीनशे वर्षांपूर्वीचं, मग शंभर वर्षांपूर्वीचं, शेवटी त्याच वर्षी रचलेलं.

तिला शिकवलं माझ्या लेकानं. तिच्या बापानं.

तो दोन वर्षांपूर्वी गेला.

त्याची एक खोड होती. गज तारेवर टेकवायच्या आधी नाकानं जोरात श्वास ओढायचा. "आधी नाक शिंकर, मग वाजव," मी चारचौघांत म्हणायची. हसायचा गधडा.

नातीनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. हॉल चिडीचूप.

सूंऽऽ...

मग पहिला सूर.

मी शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहिलं. तिच्या हातातली शाल खाली पडली होती.

दुसऱ्या रचनेआधी पुन्हा... सूंऽऽ.

नातीचे ओठ घट्ट मिटलेले. छाती हललीसुद्धा नाही. श्वास तिच्या डाव्या खांद्यामागून आला.

शिकवताना तो तिथेच उभा राहायचा.

टाळ्या थांबल्या. आता नवी रचना. मी कान टवकारून बसले.

काहीच नाही...

नातही थांबली. गज तसाच हवेत. लोक चुळबुळायला लागले. शेवटी तिनं एकटीनंच सुरुवात केली. डोळ्यांतून धार, पण सूर हलू दिला नाही. रक्त आमचं आहे.

घरी येताना मी भडकले. "जुनंच वाजवायचं ना! कुठलं हे नवं थेर काढलंस?"

"आजी, बाबांना ते येतच नाही गं," ती म्हणाली. "ते गेल्यावर रचलंय."

तेव्हापासून मी तिला रोज नवंच वाजवायला लावते. समोर बसून. "पुन्हा," म्हणते.

"आजी, मला येतंय की आता!"

"तुला कोण सांगतंय?"

काल तिनं गज उचलला... आणि नव्या रचनेआधी श्वास आला.

अर्धाच. चाचपडणारा. नवा धडा घेताना तो लहानपणी घ्यायचा, तसा.

सून रडतच आत आली. "आई, आता जाऊ द्या ना त्यांना."

मी बरं करतेय की पाप, मला कळत नाही.

पण आज दुपारी नातीनं व्हायोलिनची पेटी उघडली, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

"नवंच घे," म्हटलं. "हळू घे. त्याला जमू दे."