सात सेकंदांचा धक्का

मंगळवार, १२ जानेवारी २०१६. सकाळी आठ वाजून सतरा मिनिटे. बँकॉकच्या कालव्यातून निघालेल्या त्या लांबट मोटारबोटीत एकेचाळीस प्रवासी होते. बोट प्रत्येक धक्क्याला फक्त सात सेकंद टेकते, हे त्यांतल्या चाळीस जणांना ठाऊक होते. एकेचाळिसावी लम्दुआन. पाठीवर अकरा किलोंची सॅक. ती आपण होऊन बोटीत चढली नव्हती. तिला तुक्ताने ओढून घेतले होते.

तुक्ता तिची त्यांच्या गावच्या, लाम्पांगच्या शाळेपासूनची मैत्रीण. पाठीवर सॅक टाकून सहा दिवस राजधानी पालथी घालायची, तीही कालव्यानेच, हा बेत तुक्ताचा. लम्दुआनला पाण्याची भीती होती. ती आठ वर्षांची असताना पुराने तिला घराच्या पायरीवरून उचलून नेले होते. तेव्हापासून पाऊल आणि जमीन यांच्यात पाणी दिसले, की तिचे पाऊल उचलत नसे.

समोरून दुसरी बोट आली. काळे पाणी उसळले.

"दोरी ओढा, दोरी!"

कडेच्या प्रवाशांनी दोऱ्या ओढल्या आणि प्लॅस्टिकचा पडदा वर चढला. लाट ओसरल्यावर सगळ्यांनी हात सैल केले. लम्दुआनने मात्र दोरी दोन्ही मुठींत आवळून धरली होती. पडद्याबाहेर, बोटीच्या चार बोटे रुंद काठावर, एक पिवळे हेल्मेट थांबले.

"नाँग, सोडा आता. पाणी गेलं."

"परत आलं तर?"

"येणारच. कालवा आहे. पण मी बाहेर अडकलोय, त्याचं काय?"

तिने दोरी वीतभर सैल केली... आणि हेल्मेटखालचे दोन ओले, हसरे डोळे दिसले.

"वय काय तुमचं?"

"चोवीस."

"घ्या! मी तेवीस. म्हणजे नाँग मी, तुम्ही फी."

धाकटा नाँग, थोरली फी. एवढे ठरल्याशिवाय बोलणे पुढे सरकत नाही.

"मी बावीस," तुक्ता म्हणाली. "कुणी विचारलं नाही, म्हणून सांगतेय."

त्याचे नाव निरन; बोटीच्या काठावरून फिरत तिकिटे द्यायची आणि धक्क्याला दोर टाकायचा, हे त्याचे काम. देवळाच्या धक्क्यावर त्याने लम्दुआनपुढे हात केला.

"खाली बघू नका, फी. माझ्याकडे बघा."

"तेही काही सोपं नाही," ती बोलून गेली — आणि कानापर्यंत लाल झाली.

पुढले चार दिवस तीच बोट, तोच हात. भीती मात्र तीच राहिली नाही. आता लम्दुआन पाण्याकडे बघतच नसे. बोट पुलाखालून भिंतीला घासून जाई, निरन त्या अरुंद काठावर बाहेरून चालत असे, आणि पिवळे हेल्मेट पलीकडे सुखरूप दिसेपर्यंत तिचा श्वास अडकलेला असे.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर एक हात कायम दोरीला."

"आणि दुसरा?"

"दुसरा..." त्याने आवाज उतरवला, "दुसरा या आठवड्यात राखून ठेवलाय, फी."

रविवारी, सहाव्या दिवशी, दोघी लाम्पांगची गाडी पकडायला निघाल्या. बोटीच्या काठावर लाल हेल्मेट घातलेला एक वयस्कर माणूस होता.

"निरन?" लम्दुआनने विचारले.

"काल घसरला. बोट आणि धक्का यांच्या मधोमध..." तेवढ्यात मागून कुणी हाक मारली आणि तो वाक्य अर्धे टाकून गेला.

एक धक्का गेला. दुसरा गेला. तिने पडद्याची दोरी पहिल्या दिवसासारखी मुठीत आवळून धरली. तिसराही गेला. तुक्ताने तिचा गार पडलेला हात धरला — आणि एकदम दाबला.

"ते बघ!"

लांबून देवळाचा धक्का दिसत होता. बाकावर प्लॅस्टरमधला एक पाय, शेजारी कुबड्या, मांडीवर पिवळे हेल्मेट. प्रत्येक बोट तो मान उंच करून न्याहाळत होता.

तुक्ताने लम्दुआनच्या खांद्यांवरून सॅक उतरवली. "ही मी नेते. तू उतर. आईला काय सांगू?"

"सांग... बोट चुकली."

"बोटीत बसूनच?"

बोट टेकली. एक सेकंद. निरनने तिला पाहिले, उठू लागला आणि पुन्हा खाली बसला. आज तिच्यापुढे कुणाचा हात नव्हता. बोट आणि धक्का यांच्यात हातभर फट होती. त्या फटीत काळे पाणी आपटत होते. दोन. तिचे पाऊल उचलेना. तीन.

"खाली बघू नका, फी! माझ्याकडे बघा!"

"फी म्हणू नकोस मला!" ती ओरडली. "नावानं हाक मार!"

चार. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले गेले. मग अगदी हळू, प्रथमच उच्चारत असल्यासारखा, तो म्हणाला, "लम्दुआन... ये."

लाल हेल्मेटवाल्याने दोर सोडायला हात घातला. तिने पाऊल उचलले.

देवळाच्या धक्क्यावर त्या फेरीला एकच प्रवासी उतरला. सात सेकंदांपैकी दोन शिल्लक होते.